स्टॅडलींची भट्टी कशी विझली

७ फेब्रुवारी, शनिवार

कालचा बर्फ तसाच पडून. प्रशांतने सकाळी ड्राइव्हवे साफ केला म्हणून निघता आलं. सोसायटीत पोचायला पंचवीस मिनिटांऐवजी पन्नास. (हाउसिंग सोसायटी नव्हे, हे पुण्याला फोनवर दर वेळी सांगावं लागतं. शेजारच्या गावच्या इतिहासाची सोसायटी: दोन खोल्या आणि एक थंडगार माळा.)

डॉरथीबाई माझ्या आधी येऊन बसलेल्या. अंगावर शाल, शालीवर कोट. वय चौऱ्याऐंशी, सोसायटीच्या अध्यक्ष, आणि ज्या एफ्राइम स्टॅडलींचं नाव या गावात शाळेला, रस्त्याला आणि पिझ्झाच्या दुकानाला आहे त्यांच्या थेट वंशातल्या. सगळे त्यांना नुसतं डॉरथी म्हणतात. तोंडाने मीही म्हणते. वहीत जमत नाही. दोन वर्षांपासून त्यांना समोरचं मधलं दिसत नाही, फक्त कडा दिसतात. मी चार वर्षं दर शनिवारी जातेय, ती आता मुख्यतः वाचून दाखवायला.

आज म्हणाल्या, स्टॅडलींचं चरित्र तू लिही. चाळीस पानांची पुस्तिका, मेमध्ये छापून हवी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं होतायत, गावानेही काहीतरी करायला हवं.

"आणि मला तूच वाचून दाखवायची. हॅरल्ड वाचतो ते हवामानाच्या बातम्यांसारखं वाटतं."

(हॅरल्ड सोसायटीच्या कमिटीवर आहेत.) हो म्हटलं. गाडीत बसल्यावर घाबरले.

९ फेब्रु., सोमवार

गोष्ट जशी सांगतात तशी एकदा लिहून ठेवते.

एफ्राइम स्टॅडली, लोखंडाचे कारखानदार. ओढ्याकाठी दगडी भट्टी, दोन मजली घराएवढी. वरून लाकडी कोळसा, खनिज, चुनखडी टाकायची; पाण्याच्या चाकावर भाते चालायचे; तळातून वितळलेलं लोखंड काढून त्याच्या कढया, भांडी ओतायची. स्वातंत्र्याची लढाई पेटली त्या वसंतात इंग्लंडच्या राजाच्या सैन्याने तोफगोळे मागितले. स्टॅडलींनी स्वतःच्या हाताने पाणी ओतून भट्टी विझवली. टेकडीमागचा तांबडा उजेड गेला, हे पाद्रीबाबांनी आपल्या वहीत तारखेसह लिहिलंय. ती वही आमच्याकडे काचेखाली आहे. त्याच उन्हाळ्यात गावाने स्टॅडलींना प्रांताच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे राजाविरुद्ध उठलेल्यांच्या सभेत, पाठवलं. पुढे स्वातंत्र्यावर भाषणं, नाव, तैलचित्र. दर मेमध्ये गाव भट्टीच्या अवशेषांपाशी शेकोटी पेटवतं आणि बादल्यांनी विझवतं. पहिली बादली स्टॅडली घराण्याची.

चार वर्षं ही गोष्ट मी चौथीच्या मुलांना सांगतेय.

आणि मी मेटलर्जीची, म्हणजे धातुशास्त्राची, पदवीधर. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. अशी भट्टी पाण्याने विझत नाही. वरून पाणी ओतणाऱ्याचा चेहरा वाफेने सोलून निघेल. बंद करायची तर खनिज टाकणं थांबवायचं, आतला माल उतरू द्यायचा, शेवटचं लोखंड आणि स्लॅग, म्हणजे वर तरंगणारा वितळलेला मळ, काढून घ्यायचा, मग भाते थांबवायचे. दोन-तीन दिवसांचं, सावकाशीचं काम.

चार वर्षांत हे एकदाही मनात आलं नाही? आलं होतं. येऊ दिलं नाही. कोणी विचारलं नव्हतं, हे कारण.

११ फेब्रु.

जेवताना प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, "अठरा वर्षांनी बाईसाहेबांना भट्टी सापडली." सई हसली. मीही.

नंतर भांडी लावताना वाटलं, खरंच अठरा. लग्न, व्हिसा, डिपेंडंटला नोकरीची परवानगी नाही, मग सई, मग परवानगी मिळाली तेव्हा कोण घेणार. हे सगळं खरं आहे आणि ते मी इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ केल्यासारखं वाटतं. गेल्या आठ वर्षांत किती अर्ज केले? तीन.

२१ फेब्रु., शनिवार

लायब्ररीच्या साइटवर जुनी वर्तमानपत्रं स्कॅन केलेली आहेत. त्या वसंतातले अंक चाळत होते, तोफगोळ्यांच्या मागणीचा उल्लेख शोधायला. मागणी कुठेच नाही. एक जाहिरात आहे.

स्टॅडलींनी दिलेली, पळालेल्या गुलामाची. पळून गेला आहे: पॉम्पी नावाचा काळा माणूस, वय तिशीच्या पुढे, भट्टीचं काम उत्तम जाणतो, डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना व्रण, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहतो. शेवटचं लक्षण ओळख पटावी म्हणून दिलंय.

पळाल्याची तारीख आहे. पाद्रीबाबांच्या नोंदीची तारीख त्यानंतर सहा दिवसांनी.

इथे थांबते. आज याच्यापुढे काही लिहिणं म्हणजे अंदाज.

२२ फेब्रु.

अंदाज. भट्टी सांभाळणारा एकच माणूस असतो. तो भोकातून आत बघतो, आतला रंग बघतो, स्लॅग कसा वाहतो ते बघतो, आणि ठरवतो, पुढच्या टोपल्यांत खनिज किती, कोळसा किती. तो गेला. बाकीचे आधीच्याच मापाने टाकत राहिले. वसंतातला कोळसा दमट. आतलं तापमान उतरत गेलं आणि ते कोणाला कळलं नाही. मग लोखंड तळातच आळलं.

आमचे सर याला भट्टीच्या पोटातला धोंडा म्हणायचे. लोखंड, स्लॅग, न जळलेला कोळसा, कच्चं खनिज, सगळ्याचा एक गोळा. तो काढायला भट्टी फोडावी लागते. बहुतेकदा तो धंद्याचाही शेवट असतो.

स्टॅडलींचं दुकानच बंद पडलं, आणि मग ते काँग्रेसमध्ये गेले?

पुरावा काय. एक जाहिरात आणि माझी बी.ई.

२१ मार्च, शनिवार

मंडळाचा पाडवा, शाळेच्या हॉलमध्ये. म्हणून सोसायटीला दांडी. श्रीखंड गोठलेलं, गुढी मायक्रोफोनच्या स्टँडला बांधलेली. गाडगीळकाकू मुलाकडे सहा महिने आल्यात, त्यांनी विचारलं, "अजून ते म्युझियम चालू आहे का गं? पगार देतात?"

"नाही काकू, व्हॉलंटिअर."

"म्हणजे फुकट. अगं मग आमच्या चिन्मयकडे ये, त्यालाही कोणी फुकट हवंच आहे."

सगळे हसले. त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. तरी घरी येईपर्यंत गाडीच्या खिडकीबाहेर बघत बसले. प्र. म्हणाला, "एवढं काय लावून घेतेस?"

२८ मार्च, शनिवार

बर्फ वितळला. सईला घेऊन भट्टीपाशी गेले. तिला ड्रायव्हिंगचे तास भरायचेत, म्हणून आली. अवशेषांच्या खालच्या अंगाला ओढ्यात एक काळा-तांबडा खडक आहे, छोट्या फ्रिजएवढा. मुलं त्यावर बसून डबा खातात. मीही बसलेय.

फ्रिजवरचं नायगाराचं मॅग्नेट खिशात घालून नेलं होतं.

"आई, दॅट्स लिटरली अ रॉक."

मॅग्नेट लावलं. चिकटलं. आणखी चार जागी लावलं. तीन जागी चिकटलं, एका जागी नाही. तिथे स्लॅग, हिरवट काचेसारखा. सईने स्वतः काढून पुन्हा लावून पाहिलं. "ओके, वेअर्ड," म्हणाली. तिच्या भाषेत ही मोठी दाद आहे.

एक सुटू पाहणारा तुकडा होता, मुठीएवढा. हातोडीने काढला. परवानगी घ्यायला हवी होती. घेतली नाही. नोंद करून ठेवते.

२९ मार्च, रविवार

गॅरेजमध्ये तुकडा फोडला. फुटलेली बाजू पांढरी, चकचकीत. भट्टी गरम असती तर करडी निघाली असती. पांढरी म्हणजे थंड पडत गेलेली. एका कडेला कोळशाचा तुकडा तसाच अडकलेला, लाकडाच्या वर्षवलयांसकट. शेजारी अर्धकच्चं खनिज.

पॉलिश पेपर आणून एक बाजू घासली. आधी जाडा, मग बारीक, दर वेळी नव्वद अंशांत फिरवून. हात विसरले नव्हते. दोन तास झाले हे प्र.ने चहा आणला तेव्हा कळलं.

"खूश दिसतेस," तो म्हणाला.

होते. एक माणूस जीव घेऊन पळाला त्याच्या खुणा सापडल्या आणि मी खूश होते. मला पॉम्पीचं नाव हवंय की माझं?

विरुद्ध बाजूही लिहायला हवी: प्रत्येक भट्टीच्या तळाशी थोडं लोखंड उरतंच. पण एवढं नाही, आणि त्यात न जळलेला कोळसा नाही. हा धोंडा दुसऱ्या एखाद्या वर्षाचाही असू शकेल. पण भट्टी त्यानंतर पुन्हा पेटल्याची नोंद नाही. बहुधा. बहुधा. बहुधा.

४ एप्रिल, शनिवार

डॉरथीबाईंना सांगितलं. सगळं, क्रमाने, जाहिरात वाचून दाखवली. त्यांनी तुकडा मागितला. हातात धरून वजन घेतलं, फुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. खोलीतला हीटर तेवढा ठकठक करत होता.

"पहिली बादली आजीने माझ्या हातात दिली तेव्हा मी सात वर्षांची होते. सत्त्याहत्तर वर्षं मी पाणी ओततेय."

सॉरी म्हणाले. कशाबद्दल, माहीत नाही.

"तू कशाला सॉरी? तू थोडीच ओतलंस." मग, "तो सुटला?"

"असावा. पुढे उल्लेख नाही."

"लिही तर मग."

"हॅरल्डना आवडणार नाही."

"हॅरल्डला गवत कापायला आवडतं. लिही."

परत येताना गाडी हळू चालवली. पुष्कळ दिवसांनी कोणीतरी मला काम सांगितलं होतं, मला येत असलेलं.

८ एप्रिल, बुधवार

'असावा' म्हटलं, ते तपासायला हवं होतं. आज तपासलं.

स्टॅडलींचं मृत्युपत्र. लढाई संपायच्या आधीच ते वारले. थोरल्या मुलाला उभं घड्याळ, चर्चमधला बाक, आणि पॉम्पी.

घड्याळ, बाक आणि पॉम्पी. एका ओळीत, स्वल्पविराम देऊन.

म्हणजे धरून आणला. कधी, कुठून, त्याचं काय केलं, काही नाही. भट्टी गोठलेली होती, त्यामुळे त्याला भट्टीचं कामही उरलं नव्हतं. दोनेक वर्षं स्टॅडली स्वातंत्र्यावर भाषणं करत होते तेव्हा हा माणूस त्याच घरात होता. पुढे काही सापडत नाही. दुसरा पॉम्पी असेल का, हेही पाहिलं. मनगटावरचा भाजल्याचा व्रण मृत्युपत्रात ओळखीची खूण म्हणून दिलाय.

संध्याकाळी पोळ्या केल्या. चौदा झाल्या, आम्ही तिघं. सईने विचारलं, "हू इज कमिंग?"

११ एप्रिल, शनिवार

बाईंना सर्दी, आल्या नाहीत. फोनवर सांगायची गोष्ट नाही. पुढच्या शनिवारी.

१७ एप्रिल, शुक्रवार

बाई काल स्वयंपाकघरात पडल्या. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, आता पुन्हा चालतं करायला रिहॅबच्या केंद्रात नेतील. त्यांची मुलगी एलन मेन राज्यातून आलीय. तिचा फोन: आईला अजून गुंगी आहे, दोनेक आठवडे भेटायला येऊ नका. गोड बोलली.

१९ एप्रिल, रविवार

मसुदा पूर्ण. हॅरल्डना पाठवला, बाई नसताना कमिटीचं काम तेच बघतात. नगरपालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त, साठ-पासष्टचे. माणूस चांगला. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी बर्फात रुतली तेव्हा त्यांनी स्वतः फावड्याने काढली होती.

पान सतरावरचा परिच्छेद पाच वेळा लिहिला. शेवटी असा (इंग्रजीत, अर्थात):

भट्टी सांभाळणाऱ्या माणसाचं नाव पॉम्पी होतं. तो स्टॅडलींचा गुलाम होता. त्या वसंतात तो निघून गेला, आणि सहा दिवसांनी भट्टी विझली. ओढ्यातला लोखंडाचा गोळा पाहता ती विझवलेली नसून आतल्या आत गोठली, असं दिसतं. स्टॅडली राजकारणात आले ते यानंतर. त्यांच्या मृत्युपत्रात पॉम्पीचं नाव घड्याळ आणि बाकाबरोबर येतं, म्हणजे त्याला परत आणलं होतं.

प्र.ने वाचलं. "खरं आहे ना?" विचारलं. मी म्हटलं, जवळपास. तो म्हणाला, "मग जाऊ दे ना, यार. चौदा वर्षं आपण ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे आणि तू त्यांच्या आजोबांचं काढतेस." मग लगेच, "म्हणजे, तू ठरव."

त्याचं चूक नाही. पुस्तिकेने कार्ड अडत नाही, हे त्यालाही माहीत आहे. ती भीती कार्डाची नाहीच.

२२ एप्रिल, बुधवार

कमिटीची मीटिंग. मी धरून सहाजण. डोनट होते.

हॅरल्ड म्हणाले, "अनागा, काम सुंदर झालंय." (अनघा चार वर्षांत जमलेलं नाही, आणि मीही कधी सुधारलं नाही.) मग पान सतरा. आवाज न चढवता. हे सिद्ध झालंय का? प्रयोगशाळेने तपासलंय का? तुकडा कोणाच्या परवानगीने काढला?

"परवानगी घेतली नाही," मी सांगितलं.

"तुम्ही स्वतः लिहिलंय, 'असं दिसतं'. गावाच्या पुस्तिकेत 'असं दिसतं' कसं छापायचं?"

मी म्हटलं, तोफगोळ्यांच्या मागणीचा तर तेवढाही पुरावा नाही.

"ते वेगळं," हॅरल्ड म्हणाले. "ते आपण नेहमीच सांगत आलोय."

कोणी हसलं नाही. मी बाईंचं नाव घेतलं, त्यांनी लिही म्हटलं होतं. ते म्हणाले, डॉरथीला आत्ता या सगळ्याचा त्रास नको. सगळ्यांनी माना हलवल्या. माझीही हलली.

१ मे, शुक्रवार

आजच्या गोष्टीबद्दल नीट लिहायचं.

दुपारी पावणेचार. पटेलच्या दुकानात रांगेत उभी होते, हातात मेथीची जुडी आणि दही. हॅरल्डची मेल. छपाईला जायची प्रत जोडलेली. संध्याकाळपर्यंत कळवा. पान सतरा उघडलं. परिच्छेद नाही. त्याऐवजी एक वाक्य: स्टॅडलींनी आपल्या निष्ठावान कामगारांच्या साहाय्याने भट्टी चालवली आणि देशाची हाक येताच ती विझवली. मुखपृष्ठावर माझं पूर्ण नाव. स्पेलिंग अचूक.

मी उत्तर पाठवलं: छान झालंय, खूप खूप आभार! उद्गारचिन्हासकट.

मेल आली तीन सत्तेचाळीसला. माझं उत्तर तीन एक्कावन्नचं. चार मिनिटं. त्यात दह्याचे पैसेही दिले.

कोणी दटावलं नव्हतं. विचारही केला नव्हता. कोणी काही पाठवलं की छान म्हणायचं, आभार मानायचे, उशीर करायचा नाही. अठरा वर्षांत एवढं एक काम मी इतकं केलंय की हात आपोआप करतात.

'निष्ठावान'.

२ मे, शनिवार

सकाळी हॅरल्डना फोन केला. परिच्छेद नको तर माझं नाव काढा, असं म्हणायचं ठरवून. ते म्हणाले, फाइल काल संध्याकाळीच गेली, तुम्ही ओके दिलं ना. मग काळजीने, "एव्हरीथिंग ऑल राइट?"

"यस, यस," मी म्हटलं.

२३ मे, शनिवार

भट्टीपाशी सोहळा. ऊन चांगलं होतं. शाळेचा बँड, लिंबूसरबत, झेंडे. प्र. आणि सई दोघं आले, मी नको म्हटलं होतं तरी. एलन आईजवळ, म्हणून पहिली बादली हॅरल्डनी ओतली. मग माइकवर माझं नाव. टाळ्या. मी उठून हसले. सईने फोटो काढला. फोटोत खरंच आनंदी दिसतेय.

ओढ्यातला धोंडा नाही. त्या जागी सपाट खडी आणि नवा बाक.

हॅरल्डना विचारलं. म्हणाले, खात्याच्या मुलांनी यंत्र आणून उचलला, मुलं त्यावरून घसरायची. कुठे नेला? यार्डात असेल, नाहीतर भंगारात गेला असेल. "तुम्हाला हवा होता? सांगायचंत ना."

सांगायचं होतं.

२६ मे, मंगळवार

यार्डात फोन केला. भंगाराचा ट्रक गुरुवारीच गेलेला.

उरला तो माझा मुठीएवढा तुकडा. ओढ्यातून, परवानगीवाचून, साक्षीदार म्हणून सोळा वर्षांची मुलगी. आता त्याने काही सिद्ध होत नाही. तो कुठलाही लोखंडाचा तुकडा आहे.

पुस्तिकांचा खोका आला. पंचवीस प्रती लेखिकेसाठी. प्र.ने एक पुण्याला आईबाबांना पाठवली. त्यांचा व्हिडिओ कॉल: बाबा नाव मोठ्याने वाचत होते, शेजारच्या जोशीकाकांना बोलावून. "सगळं हिने शोधून काढलं," असं सांगत होते.

२ जून, मंगळवार

रिहॅबमध्ये बाईंना भेटले, साडेआठ आठवड्यांनी. खिडकीपाशी खुर्चीत, पायांवर ब्लँकेट. खूप लहान झाल्यात. मला कडेने पाहायला मान वळवली. "आणलीस?"

आणली होती. न आणता जायचं ठरवलं होतं. मग वाटलं, न नेणं हेही खोटंच. जाऊन सांगायचं: छापलं नाही, माझ्याने झालं नाही. गाडीत दोनदा म्हणून पाहिलं होतं.

"वाच," त्या म्हणाल्या. "हॅरल्डच्या प्रस्तावनेपासून नको."

वाचत गेले. त्यांचे डोळे मिटलेले, मध्येच एखाद्या नावाला मान हलवत होत्या. चांगलं वाचलं. पान सोळा संपलं. पान उलटलं.

तिथे थांबून सांगायचं होतं. थांबले नाही. समोर 'निष्ठावान कामगार' छापलेलं होतं आणि मी म्हणत होते, भट्टी सांभाळणाऱ्या माणसाचं नाव पॉम्पी होतं. पाठ होतं. कुठे अडखळले नाही. घड्याळ आणि बाकापर्यंत गेले, परत आणलं होतं, इथपर्यंत.

बाईंनी डोळे उघडले.

"मग तो सुटला नाही."

"नाही. तुम्हाला आधी सांगणार होते. तुम्ही पडलात."

"परत आणला. आमच्या घरात." त्यांचा हात ब्लँकेट सरळ करत राहिला, सुरकुती नव्हती तिथेही. मग म्हणाल्या, "हे हॅरल्डने छापलं?"

सांगायची ती वेळ होती. त्यांचा चेहरा माझ्याकडे, थोडा तिरका, मला पाहता यावं म्हणून.

"हो," मी म्हटलं.

"त्याला मी चुकीचं ओळखलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "थँक यू, माय डिअर." माझा हात धरून बसल्या. मी धरू दिला. उरलेली पानं नको म्हणाल्या, दमल्या होत्या.

निघताना मी पुस्तिका पर्समध्ये घालत होते.

"ती इथेच ठेव. रविवारी एलन येतेय. ते पान मला तिच्या तोंडून ऐकायचंय. तिलाही कळू दे, आपण कोण."

काय म्हणणार होते? दुसरी प्रत देते? सगळ्या प्रती त्याच.

टेबलावर ठेवली. त्यांनी चाचपडून उचलली आणि उशीखाली सरकवली. मग पुन्हा काढली, पान सतरा कुठे येतं ते मला दाखवायला लावलं, आणि तिथे आपला कागदी रुमाल घालून ठेवला.

घरी आले. प्र.ने विचारलं, कशा आहेत? बऱ्या आहेत म्हटलं.

एलनचा नंबर माझ्याकडे आहे. आज मंगळवार.